तीन सह्यांचा लिफाफा

१

बारा डिसेंबरच्या सकाळी अकरा वाजता, खारघरला प्राची देवस्थळीच्या जेवणाच्या टेबलावर, आम्ही तिघांनी मिळून लिफाफा फोडला. आत दोन पेन ड्राइव्ह होते. आशुतोषने पहिला लॅपटॉपला लावला, पडद्याकडे बघितलं, काढून पुन्हा लावला. मग दुसरा लावला. मग त्याने चष्मा काढून पुसला. संगणकवाल्यांकडे चष्मा पुसण्याच्या पुढे उपाय नसतो.

दोन्ही रिकामे होते.

आत एक फाइल असायला हवी होती. चार ओळींच्या चिठ्ठीएवढी. तिला आम्ही किल्ली म्हणायचो.

'पाणीवेळ' हे खाडीतल्या मच्छीमारांसाठी फुकट अॅप. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, कुठल्या वाटेवर होडीखाली किती पाणी, एवढंच सांगतं. ते आम्ही बनवलं होतं. म्हणजे श्यामसुंदर केळुसकरांनी बनवलं आणि आम्ही त्यांच्या भोवती बसलो. ना पगार, ना जाहिराती. सगळं काम उघड्यावर मांडलेलं, कुणीही बघावं, कुणीही सुधारावं. अकरा वर्षांत सुधारायला आम्ही तिघेच आलो. आशुतोष महापेच्या कंपनीतली नोकरी संपवून उरलेल्या जिवात प्रोग्रॅम लिहायचा. प्राची कॉलेजात भूगोल शिकवायची आणि आमच्या चुका काढायची. माझ्याकडे मराठी होतं: 'पुढे जा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा'. माझं एवढंच साहित्य चार हजार लोकांनी नियमित वाचलं आहे.

तर किल्ली. प्रत्येक अॅपवर बनवणाऱ्याची एक न दिसणारी सही असते आणि ती या फाइलने होते. सुधारणा आली की फोन आधी सही ताडून बघतो. जुळली नाही, तर सुधारणा दारातूनच परत. स्टोअरवाले ही किल्ली स्वतःकडे सांभाळायला तयार असतात आणि बहुतेक लोक ती देतातही. केळुसकरांनी दिली नाही. सारसोळ्याच्या नामदेव कोळ्यांच्या वडलांनी एकदा न वाचता एका कागदावर अंगठा उठवला होता, आणि त्या अंगठ्यावर आज अठरा मजले उभे आहेत. नामदेवांनी ही हकिगत सांगितली त्या दिवसापासून केळुसकर म्हणायचे, आपली सही दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची नाही.

ती आमच्याच कपाटात ठेवायची असं जानेवारीत ठरलं. याच टेबलावर समारंभ झाला. नारळ होता, पेढे होते. पेन ड्राइव्हचं ते राक्षसी कडक प्लॅस्टिक कापताना प्राचीचं बोट कापलं, केळुसकरांनी तिला हळद लावायला सांगितली आणि हळद आलीच आहे म्हणून लिफाफ्यालाही हळदकुंकू लावलं. झाकण चिकटवून त्याच्या कडेवर आम्ही तिघांनी सह्या केल्या, वरून पारदर्शक पट्टी मारली, फोटो काढला. केळुसकरांनी छोटं भाषण केलं: 'उद्या मी नसलो तरी पाणीवेळ थांबणार नाही.' आम्ही टाळ्या वाजवल्या. तिघांच्या टाळ्या फार ऐकू येत नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. सकाळी, चहा गाळायच्या आत. आम्ही रडलो, आणि रडता रडता मनात म्हणालो, लिफाफा आहे.

अॅपमधलं पाण्याचं कोष्टक एकतीस डिसेंबरला संपत होतं. एक तारखेला अॅप बंद पडलं असतं तर देव पावला असता. पण त्यात एक जुनी चूक होती: कोष्टक संपलं की ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागायचं. म्हणजे नव्या जानेवारीत मागच्या जानेवारीचं पाणी. चंद्र दर वर्षी अकरा दिवस पुढे जातो, त्यामुळे वेळ जवळजवळ तीन तास चुकणार होती. भरती आहे असं समजून घरी निघालेली होडी अर्ध्या ओहोटीत चिखलावर बसणार होती. चूक आशुतोषने दुरुस्त करून ठेवली होती. नवं कोष्टकही तयार होतं. फक्त सही राहिली होती. एकोणीस दिवस हातात होते.

"लिफाफा कुणीतरी आधीच उघडला होता," प्राची म्हणाली. तिने आशुतोषकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं आम्हा दोघांनाही दिसलं.

२

संशयाला आमच्याकडे जागा कमी होती. लिफाफा प्राचीच्या कपाटात. ऑगस्टमध्ये ती आठवडाभर पुण्याला गेली तेव्हा झाडांना पाणी घालायला घराची किल्ली आशुतोषकडे. आणि ऑक्टोबरात एका जाहिरात कंपनीने 'पाणीवेळ' विकत मागणारं पत्र पाठवलं होतं, तेही आशुतोषला. त्याने ते आम्हाला वाचून दाखवलं होतं, हसला होता. आता ते हसणं आम्हाला वेगळं आठवायला लागलं.

दुपारपर्यंत प्राचीने त्याला ग्रुपवर तीन प्रश्न विचारले. प्रश्न सभ्य होते, क्रमांक घातलेले होते. तिसरा प्रश्न झाडांबद्दल होता. उत्तर म्हणून पडद्यावर करड्या अक्षरांत एक ओळ उमटली: आशुतोष बाहेर पडले.

मी तटस्थ राहिलो. सोसायटीच्या सभांमध्ये वीस वर्षं सराव केला आहे.

संध्याकाळी जुईनगरला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या उज्वलाताईंचं दार वाजवलं. उज्वला पेंडसे बत्तीस वर्षं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होत्या. अर्ध्या नव्या मुंबईचे अंगठे त्यांनी स्वतःच्या हाताने शाईत बुडवले आहेत. नवऱ्याने बायकोची, मुलाने बापाची आणि एकदा तर मेलेल्या माणसाने स्वतःची केलेली सही त्यांनी टेबलावरून नजर न हलवता पकडली होती. निवृत्तीनंतर त्या आवळासुपारी करतात आणि लोकांवर विश्वास ठेवत नाहीत.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

"तुमचं ते मशीन मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "कागद कळतो. लिफाफा टाकून दिलात का?"

प्राची काहीही टाकून देत नाही. तिने लिफाफा बाजूच्या कडेने कापला होता, म्हणजे झाकण, सह्या, पट्टी सगळं जसंच्या तसं होतं.

"मग आणा," उज्वलाताई म्हणाल्या. "आणि तोपर्यंत त्या मुलाला चोर म्हणायचं थांबा. म्हणून झालं असेल तर प्रश्न नाही."

म्हणून झालं होतं.

३

लिफाफा आणायच्या आधी त्यांनी माणसं बघितली. मला बरोबर नेलं, बोलायचं नाही या अटीवर.

आशुतोष महापेला कंपनीच्या फाटकाबाहेर भेटला, आत बोलवायची त्याची इच्छा नव्हती. तो म्हणाला, प्राचीच्या झाडांना त्याने सात दिवस पाणी घातलं, एक तुळस मेली, ती त्याने स्वतःहून कबूल केली होती, आणि ज्याला तुळस लपवता येत नाही तो किल्ली काय चोरणार. उज्वलाताईंना हे पटलेलं दिसलं. मग त्या म्हणाल्या, लिफाफ्यावर तुला कधीच शंका आली नाही?

आली होती. जूनमध्ये. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिले तर बिघडतात, म्हणून तो केळुसकरांना म्हणाला होता, काका, एकदा उघडून तपासू, परत बंद करू. केळुसकर कधी नाही ते तापले. मी जिवंत असताना लिफाफा कशाला उघडायचा, माझ्या तेराव्याची घाई झाली आहे का, असं बोलले. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून माफी मागितली. लिफाफ्याचं नाव मात्र काढलं नाही.

"मी परत ग्रुपमध्ये येणार नाही," आशुतोषने निघताना सांगितलं. "दुरुस्ती लिहून ठेवलीय. उघडीच आहे. कोणीही घ्या."

तिथून सारसोळ्याला. नामदेव जेट्टीवर जाळं पसरून बसले होते आणि त्यांचा पुतण्या हरेश इंजिनाला तेल घालत होता. होडी हरेशची, कर्जाने नाही तर बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेली, म्हणून तिचं नाव बायकोचं: रंजिता. किल्ली हरवल्याचं ऐकून नामदेवांनी जाळ्यातून मान वर केली नाही. हरेश मात्र बिनधास्त होता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी 'पाणीवेळ'ची हुबेहूब नक्कल काढली होती, आत जाहिराती कोंबलेल्या. तेव्हा केळुसकर, आशुतोष, प्राची आणि मी होडीहोडीवर जाऊन लोकांना शिकवलं होतं. तो धडा हरेशने उज्वलाताईंना घडाघडा म्हणून दाखवला.

"जुन्यावर नवा बसला तं तो आपला. आधी जुना काढून टाका बोलला, तं तो चोर. मग सांगनारा कोनी पन असू दे." आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनीच शिकवलंय."

मी अभिमानाने हसलो. तो अभिमान मला आज पुरावा म्हणून नोंदवावासा वाटतो.

परतीच्या रिक्षात उज्वलाताईंनी एकच प्रश्न विचारला: केळुसकरांसारखा माणूस, घराचं कुलूप लावल्यावर किती वेळा ओढून बघायचा? मी म्हणालो, तीनदा. त्या म्हणाल्या, मग जूनमध्ये त्याला एकदाही का बघायचं नव्हतं?

४

लिफाफा त्यांनी खिडकीशी धरून बघितला, भिंगातून बघितला, शेवटी नाकाशी नेला. माझी सही, प्राचीची, आशुतोषची. प्रत्येक सही झाकणावर सुरू होऊन लिफाफ्यावर संपत होती आणि मधल्या कडेवर एकही रेघ केसभरसुद्धा सरकलेली नव्हती. पट्टी एकदाच लावलेली. गोंद एकदाच ओला झालेला.

"हा लिफाफा जानेवारीनंतर कुणीही उघडलेला नाही," त्या म्हणाल्या. निकाल वाचून दाखवावा तशा.

मी म्हणालो, म्हणजे अशक्य आहे. किल्ली आत होती, लिफाफा उघडला नाही आणि किल्ली आत नाही.

"तीनपैकी एक वाक्य तुम्ही कुणाचं तरी ऐकून म्हणताय," त्या म्हणाल्या आणि भिंग झाकणाच्या कोपऱ्यावर आणलं. तिथे तपकिरी ठिपका होता. हळद नव्हे, कुंकूही नव्हे. पट्टीच्या खाली होता, म्हणजे पट्टी मारायच्या आधीचा. अंगठ्यांच्या शाईत आयुष्य घालवलेल्या बाईला रक्त ओळखायला अडचण आली नाही.

त्यांनी प्राचीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रक्त कुणाचं? प्राची म्हणाली, माझंच, त्या दिवशी पाकीट कापताना बोट कापलं होतं. कसलं पाकीट? पेन ड्राइव्हचं, ते असतं ना जाड प्लॅस्टिक, दोन एकत्र येतात. काका स्टेशनजवळून घेऊन आले होते, माझ्याकडे कात्री मागितली, मग मीच कापलं.

"बरं," उज्वलाताई म्हणाल्या. "पाकिटातून काढलेत आणि कुठे ठेवलेत?"

"लिफाफ्यात."

"आणि मधे?"

"मधे काय?"

प्राचीने फोन ठेवून दिला.

मी तो समारंभ पुन्हा डोळ्यांसमोर आणला. नारळ आठवला. पेढ्यांचा डबा आठवला, प्राचीचं बोट, हळद, सह्या, भाषण. केळुसकरांचा लॅपटॉप त्या टेबलावर कुठे होता ते आठवायचा प्रयत्न केला. तो खुर्चीवर पिशवीत होता. पिशवीची चेन बंद होती. आम्ही तिघे शिकलेले लोक, दहा मिनिटांच्या विधीत एकाही गोष्टीत कसूर केली नव्हती. फक्त पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावायचे राहिले होते.

चोर नव्हताच.

"आता एकच विचारायचं," उज्वलाताई साडीचा पदर सारखा करत उठल्या. "त्यांना हे कधी कळलं?"

५

केळुसकरांच्या घरी त्यांच्या पत्नी वैशालीवहिनींनी कोकम सरबत केलं. केळुसकरांच्या फोटोला ताजा हार होता. उज्वलाताईंनी मला दारातच बजावलं होतं की कुणी कुणाला गुन्हेगार करायचं नाही, म्हणून त्यांनी फक्त एवढंच विचारलं की जानेवारीत त्या समारंभाहून आल्यावर ते काय म्हणाले, काही आठवतं का.

वहिनींना आठवत होतं. ते खुशीत आले, त्यांनी पेढे दिले, लॅपटॉपची पिशवी काढून टेबलावर ठेवली. मग पिशवीकडे बघत उभे राहिले.

"एवढंच म्हणाले, 'राहिलंच.' मी विचारलं काय राहिलं. म्हणाले काही नाही, उद्या करतो."

उद्या म्हणजे प्राचीला फोन करून सांगायचं: लिफाफा फोड, मी विसरलो. अकरा वर्षं ज्यांनी आम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायला लावली त्यांनी हे सांगायचं. पहिल्या आठवड्यात ते हसत सांगता आलं असतं. महिन्याने जड गेलं असतं. जूनमध्ये आशुतोषने विचारलं तोवर ती चूक राहिली नव्हती, खोटं झालं होतं. उज्वलाताई मला नंतर जिन्यात म्हणाल्या की माणसं चूक लपवत नाहीत, कबुलीची तारीख पुढे ढकलतात. त्यांच्या कार्यालयात त्यासाठी वेगळी रांग असायची. मला आणखी एक वाटतं, आणि ते केळुसकरांच्या फोटोसमोर बोललो नाही. फुकट काम करणाऱ्याची एकच कमाई असते: आपल्यावाचून अडतं. रिकाम्या लिफाफ्याने ती कमाई शेवटपर्यंत त्यांच्याकडे राहिली. ते रागाने नाही, मला कळतं म्हणून लिहितो आहे.

पण वहिनींसमोर बसलो होतो त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळंच आलं आणि मी बोलायची बंदी मोडली. पेन ड्राइव्हमध्ये किल्ली कधी गेलीच नाही. मग ऑक्टोबरपर्यंत ते सुधारणांवर सह्या करत होते त्या कशाने? लॅपटॉपमधल्या किल्लीने. ती कधी हरवलीच नव्हती.

"वहिनी, त्यांचा लॅपटॉप कुठे आहे?"

वहिनी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला पाणी मागावंसं वाटलं.

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी फोन उघडला, ग्रुप उघडला आणि माझ्यासमोर धरला. तारीख बाराव्या दिवसाची होती. त्यांचा निरोप: उद्या तेरावं आहे, ह्यांचा लॅपटॉप तुमच्यापैकी कुणाला उपयोगी आहे का? खाली प्राचीचं उत्तर: नको काकू, किल्ली लिफाफ्यात सुरक्षित आहे. आशुतोषचे जोडलेले हात. आणि त्याखाली माझं, शुद्ध मराठीत: 'वहिनी, लिफाफा असताना लॅपटॉपची आवश्यकता नाही. निःसंकोच द्यावा.'

"म्हणून मग शय्यादानात दिला," वहिनी म्हणाल्या. "गादी, छत्री, चपला, आणि तो."

६

बंडू गुरुजी खारघरला सेक्टर बारामध्ये राहतात आणि मोटरसायकलवरून श्राद्धं करतात. लॅपटॉप त्यांच्या देवघराशेजारच्या टेबलावर उघडा होता. आत पंचांग चालू होतं. लॅपटॉप तोच होता, झाकणावर 'पाणीवेळ'चा मासा चिकटवलेला, आणि चालू होता.

गुरुजी सज्जन माणूस. परत न्यायचा असेल तर न्या म्हणाले, दान परत घेता येत नाही पण उसनं देता येतं. मी विचारलं की आतलं जुनं काही आहे का. त्यांनी समाधानाने सांगितलं, काही नाही. गेलेल्या माणसाची वस्तू तशीच वापरायची नसते. गादी त्यांनी उन्हात टाकली, छत्री गोमूत्राने पुसली. याचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनी जावयाला सांगितलं की आत त्यांचं काहीही राहता कामा नये. जावई संगणकातला. दोनदा पुसला.

"आत्मा अडकतो हो असल्या वस्तूत," गुरुजी म्हणाले.

अडकलाच होता. सोडवला.

जावयाला फोन केला, लॅपटॉप दुकानांत नेला, पुण्याच्या एका माणसाकडे पाठवला. सगळ्यांनी जावयाच्या कामाची तारीफ केली.

उरलेले दिवस पत्रव्यवहारात गेले. प्राचीने स्टोअरला लिहिलं की मूळ विकसक वारले आहेत. उत्तर आलं: 'प्रिय श्यामसुंदर, तुमची अडचण आम्ही समजू शकतो.' हरवलेली किल्ली बदलून मिळते का विचारलं, तर ती त्यांच्याकडे ठेवली असती तर मिळाली असती. खात्याच्या मालकाने ओळखपत्र हातात धरून ताजा फोटो पाठवावा, असंही सुचवलं. मग आम्ही नव्या किल्लीने नवं अॅप केलं. नव्या खात्याला आधी बारा माणसांनी चौदा दिवस वापरून बघण्याची अट होती, आणि त्याआधी ते एकदा नाकारलं गेलं, कारण ते 'पाणीवेळ' नावाच्या दुसऱ्या कुणाच्या अॅपची नक्कल वाटत होतं.

जुन्या अॅपची माहिती बदलण्यापुरता अधिकार प्राचीकडे होता, तिथे तिने ठळक सूचना घातली. ती माहिती फक्त अॅप नसलेला माणूस वाचतो.

प्राचीने आशुतोषला नऊ वेळा फोन केला. दहाव्यांदा पत्र लिहिलं. त्यात क्रमांक नव्हते.

७

एकोणतीस, तीस, एकतीस. प्राची आणि मी जेट्ट्यांवर फिरलो. हातात नव्या कोष्टकाचे छापील कागद, फोनमध्ये स्टोअरवर अजून न आलेलं नवं अॅप, थेट टाकून द्यायला. सांगायचं एकच होतं: जुनं काढून टाका, हे नवं घ्या.

लोक आमच्याकडे बघून हसायचे. मायेने हसायचे. एक म्हातारा तर म्हणाला, सर, परीक्षा घेता काय आमची? चार हजार फोनांपैकी आम्हाला सत्तावन्न फोनांतून जुनं काढता आलं. त्यातले वीस जण आमच्यावर विश्वास ठेवून नाही, आमचा चेहरा बघून तयार झाले.

हरेशने कागद घडी करून खिशात ठेवला. फोन दिला नाही.

"श्यामकाका बोलून गेलेत," तो म्हणाला. "सांगनारा कोनी पन असू दे."

मी म्हणालो, अरे, पण मीच होतो त्यांच्या बरोबर. तो म्हणाला, तेच तं.

नामदेवांनीही त्याला सांगितलं, की यंदा चंद्र बघ. हरेशने होय म्हटलं. अकरा वर्षं झाली होती चंद्र बघून.

दोन जानेवारीला दुपारी नामदेवांचा फोन आला. अॅपमध्ये भरती दोनला होती. खरी अकराला होऊन गेली होती. हरेश आडवाटेने, खारफुटीच्या कडेने घरी निघाला, जिथे भरतीला पुरुषभर पाणी असतं, आणि एका जुन्या खांबाच्या बुंध्यावर होडी बसली. पाणी खालून निघून गेलं तशी ती आडवी होत गेली, आणि तळाच्या फळ्या फुटल्या. हरेश कमरेएवढा चिखल तुडवत दोन तासांनी किनाऱ्याला लागला. इंजिन आणि होडी तिथेच. आम्ही पोचलो तेव्हा 'रंजिता'तलं शेवटचं अक्षर तेवढं चिखलावर दिसत होतं. रात्रीच्या भरतीत तेही गेलं असणार.

हरेश जेट्टीवर पाय सोडून बसला होता, कमरेपर्यंत काळा. शेजारी त्याची बायको रंजिता उभी होती. नामदेव त्याच्या पायांवर बादलीने पाणी ओतत होते.

"पयले आमी वर बघत होतो," नामदेव म्हणाले. मला म्हणाले असावेत. "तुमी बोललंव फोनात बघा."

हरेशने खिशातून फोन काढला, शर्टाच्या कोरड्या बाहीला पुसला आणि माझ्यापुढे धरला. त्याला भांडायचं नव्हतं. धडा नीट पाठ केलेल्या मुलाला गुण कमी मिळाले की तो जसा पेपर परत दाखवायला आणतो, तसा त्याचा चेहरा होता.

"निघायच्या आधी तपासला होता मी," तो म्हणाला. "बघा ना."

मी बघितलं. फोनच्या सुरक्षा तपासणीत 'पाणीवेळ'समोर हिरवी खूण होती. सही श्यामसुंदर केळुसकर यांचीच. मुदत आणखी चौदा वर्षं. खाली मोठं बटण होतं आणि त्यावर 'पुढे जा' लिहिलं होतं.